शेवटचा ठरलेला अल्बम: ‘इन युटेरो’चा मागोवा

फेब्रुवारी १९९३. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या दक्षिणेला कॅनन फॉल्स नावाचं एक लहान गाव आहे. गावाजवळच्या झाडीत पॅकिडर्म नावाचा स्टुडिओ होता आणि तो पंधरवडाभर ‘सायमन रिची ब्लूग्रास ऑन्सॉम्बल’ या बँडसाठी राखून ठेवला होता. या नावाचा बँड अस्तित्वातच नव्हता. सायमन रिची हे सेक्स पिस्टल्सच्या सिड व्हिशसचं खरं नाव. भर थंडीत तिथे पोचलेले तिघे होते कर्ट कोबेन, क्रिस नोव्होसेलिक आणि डेव्ह ग्रोल, म्हणजेच निर्वाणा. त्या वेळी जगात सर्वाधिक चर्चा असलेल्या मोजक्या रॉक बँडपैकी हा एक, आणि त्याला काही दिवस कुणाच्याही नजरेत न येता काम करायचं होतं. त्या कामातून ‘इन युटेरो’ हा अल्बम तयार झाला. निर्वाणाचा तिसरा आणि पुढे शेवटचा ठरलेला स्टुडिओ अल्बम.

अल्बम सप्टेंबर १९९३ मध्ये बाजारात आला. ५ एप्रिल १९९४ रोजी कोबेनने सिएटलमधल्या राहत्या घरी आत्महत्या केली. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. या दोन तारखांमध्ये सात महिन्यांचंही अंतर नाही. त्यामुळे गेली तीस वर्षं हा अल्बम मृत्यूच्या बाजूने वाचला जातो. ओळीओळीत इशारे शोधले जातात, आवाजातल्या प्रत्येक चिरफाळीला निरोपाचा अर्थ दिला जातो. दुसरं एक वाचनही तितकंच रूढ आहे: अफाट यशाने घुसमटलेल्या माणसाने त्या यशावर उगवलेला सूड. ही दोन्ही वाचनं मला अपुरी वाटतात. या अल्बमचा आवाज कुठून आला, गाणी कधी लिहिली गेली, ती मुद्रित करणारा माणूस कुठल्या परंपरेतला होता, हे धागे एकेक करून मागे नेले की वेगळंच चित्र समोर येतं. आपल्याला काय हवंय हे नेमकं ठाऊक असलेला, आणि ते मिळवण्यासाठी नीट आखणी करून कामाला लागलेला एक बँड दिसतो.

आवाजाचा धागा सिएटलमधून निघतो. निर्वाणाचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ १९८९ मध्ये सब पॉप या छोट्या स्थानिक कंपनीने काढला. रेसिप्रोकल रेकॉर्डिंग नावाच्या स्टुडिओत जॅक एन्डिनो याने तो मुद्रित केला आणि त्याचा खर्च आला ६०६ डॉलर १७ सेंट. हा आकडा अल्बमच्या वेष्टनावर छापलेला आहे. पैसे कमी, वेळ कमी, म्हणून वाजवलं तसं टेपवर उतरायचं. या गरिबीतून कोबेनच्या कानाला एक सवय लागली.

दुसरा अल्बम ‘नेव्हरमाइंड’ मोठ्या कंपनीसाठी होता. कॅलिफोर्नियातल्या साउंड सिटी स्टुडिओत बुच व्हिग याने तो मुद्रित केला. एकच ओळ दोनदा गाऊन एकावर एक चढवायला कोबेन तयार नसे, तेव्हा जॉन लेननही असं करायचा, असं सांगून व्हिग त्याला राजी करत असे. अखेरचं मिक्सिंग अँडी वॉलेसने केलं आणि त्याला गुळगुळीत, चकचकीत पोत दिला. सप्टेंबर १९९१ मध्ये आलेला हा अल्बम बिलबोर्डच्या यादीत १४४व्या क्रमांकावर शिरला आणि जानेवारी १९९२ मध्ये मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला खाली ढकलून पहिल्या जागी बसला. यशाची घाई ओसरल्यावर कोबेन मुलाखतींमधून उघडपणे सांगू लागला की हा पोत आपला नाही. त्याला गाण्यांबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती ऐकणारा आणि वाजवणारा यांच्यामध्ये आलेल्या पॉलिशच्या थराबद्दल.

मग त्याला कुठला आवाज हवा होता? उत्तर त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात आहे. आपल्या आवडत्या पन्नास अल्बमची एक यादी त्याने वहीत केली होती. तिच्यात पहिला इगी अँड द स्टूजेसचा ‘रॉ पॉवर’, दुसरा पिक्सीजचा ‘सर्फर रोझा’ आणि तिसरा ब्रीडर्सचा ‘पॉड’. दुसऱ्या आणि तिसऱ्या अल्बममध्ये दोन दुवे समान आहेत. एक म्हणजे किम डील, जी पिक्सीजमध्ये बेस वाजवायची आणि जिने पुढे ब्रीडर्स उभा केला. दुसरा म्हणजे दोन्ही अल्बम मुद्रित करणारा स्टीव्ह अल्बिनी.

‘सर्फर रोझा’ १९८८ चा. हळू कडवं, एकदम फुटणारं ध्रुवपद, पुन्हा हळू, ही पिक्सीजची चढउताराची रीत कोबेनने उचलली होती आणि ती उचलल्याची कबुली तो मोकळेपणाने देत असे. पण त्या अल्बममधून आणखी एक गोष्ट त्याच्या कानात राहिली होती: खोलीचा आवाज. अल्बिनीने किम डीलचा काही गाण्यांतला आवाज चक्क स्टुडिओच्या न्हाणीघरात मुद्रित केला होता, कारण तिथल्या भिंतींवरून परतणारा घुमारा त्याला हवा होता. बोस्टनमधल्या या न्हाणीघरापासून मिनेसोटातल्या एका स्वयंपाकघरापर्यंतची वाट सरळ आहे. ती पुढे येईलच.

अल्बिनी शिकागोचा. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्याने पत्रकारितेचं शिक्षण घेतलं होतं. ऐंशीच्या दशकात बिग ब्लॅक या बँडमध्ये तो गिटार वाजवायचा आणि गायचा. बँड स्वतःचे दौरे स्वतः ठरवायचा, स्वतःचं सामान स्वतः वाहायचा. १९८७ मध्ये तो बंद पडल्यावर अल्बिनी पूर्णवेळ मुद्रणाकडे वळला. निर्माता म्हणवून घेणं त्याला पसंत नव्हतं. अल्बमवर ‘मुद्रण: स्टीव्ह अल्बिनी’ एवढंच छापलं जावं, असा त्याचा आग्रह असे. बँड वाजवतो, आपण ते नीट टेपवर उतरवतो, एवढाच आपला वाटा आहे, अशी त्याची धारणा होती.

निर्वाणाने त्याला विचारलं तेव्हा, १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये, त्याने बँडला चार पानी पत्र लिहिलं. रॉकच्या इतिहासातला हा एक मोलाचा दस्तऐवज आहे. त्याचं सार असं: काम मोजक्या दिवसांत उरकावं. अल्बम करायला आठवड्याच्या आसपास वेळ लागत असेल तर ठीक, त्याहून फार लांबलं तर कुठेतरी चुकतंय असं समजावं. कंपनीच्या माणसांना निर्णयात ढवळाढवळ करू देऊ नये. आणि पैशांबद्दल: विक्रीवर टक्केवारी आपण घेणार नाही, कारण तो हक्क गाणी रचणाऱ्यांचा आणि वाजवणाऱ्यांचा आहे. नळदुरुस्ती करणारा जसा झालेल्या कामाचे ठरलेले पैसे घेतो, तसेच आपल्याला द्यावेत. अखेर त्याने एक लाख डॉलरचं एकरकमी मानधन घेतलं. नेहमीच्या रीतीने टक्केवारी घेतली असती तर लाखो डॉलर त्याला घरबसल्या मिळत राहिले असते. तत्त्व म्हणून इतकी रक्कम सोडणारी माणसं कुठल्याही धंद्यात विरळाच. पुढच्या वर्षी ‘बॅफलर’ या नियतकालिकात त्याने एक लेख लिहिला. मोठ्या कंपनीशी करार करणाऱ्या नव्या बँडचा हिशेब त्यात त्याने ओळीओळीने मांडला आणि सगळे वाटेकरी निघून गेल्यावर वाजवणाऱ्यांच्या हाती किती कमी उरतं ते दाखवून दिलं. पत्र आणि लेख शेजारी ठेवून वाचले की कळतं, ‘इन युटेरो’चा खरखरीतपणा केवळ आवडीचा प्रश्न नव्हता. कलाकाराच्या कामावर कुणाचा हक्क चालतो, याची एक ठाम भूमिका त्याच्या मुळाशी होती.

बँडचीही तयारी चालू होती. जानेवारी १९९३ मध्ये निर्वाणा ब्राझीलला एका मोठ्या महोत्सवासाठी गेला, तेव्हा रिओ द जानेरोतल्या एका स्टुडिओत त्यांनी नव्या गाण्यांचे कच्चे आराखडे वाजवून ठेवले. पॅकिडर्म स्टुडिओत काय घडू शकतं याचा नमुनाही अल्बिनीने कोबेनला पाठवला होता. तो होता पीजे हार्वीचा ‘रिड ऑफ मी’, जो डिसेंबर १९९२ मध्ये अल्बिनीनेच तिथे मुद्रित केला होता. म्हणजे फेब्रुवारीत तिघे त्या जागी पोचले तेव्हा त्या भिंतींचा आवाज त्यांनी आधीच ऐकलेला होता.

आता थेट त्या खोलीत जाऊ. ग्रोलच्या ड्रमभोवती अल्बिनीने तीसच्या आसपास मायक्रोफोन लावले. काही अगदी चामड्यापाशी, काही दूर भिंतींच्या कडेला. जवळचा मायक्रोफोन काठीचा आघात टिपतो. दूरच्या मायक्रोफोनपर्यंत तोच आघात क्षणभर उशिरा आणि खोलीचा घुमारा सोबत घेऊन पोचतो. दोन्ही एकत्र केले की ऐकणाऱ्याला अंतर ऐकू येतं, जागा ऐकू येते. यासाठी यंत्रातून कृत्रिम घुमारा घालावा लागत नाही. ‘सेंटलेस अप्रेंटिस’ची सुरुवात नुसत्या ड्रमने होते. चांगले हेडफोन लावून ते पहिले काही ठोके ऐकावेत. ड्रमची आघाताची बाजू आणि त्यामागची खोली वेगवेगळी ओळखू येते, आणि वाजवणारा माणूस किती ताकदीने वाजवत होता याचा अंदाज हाडांपर्यंत पोचतो. ‘व्हेरी एप’ आणि ‘टुरेट्स’ या दोन गाण्यांसाठी तर ड्रमचा संच स्वयंपाकघरात नेऊन मांडला. कठीण भिंतींवरून आदळून येणारा आवाज हवा होता. पिक्सीजच्या न्हाणीघराचा वारसा तो हाच.

वाद्यं तिघांनी मिळून, बहुतेक वेळा एकत्रच वाजवली. मूळ वाजवणं सहाएक दिवसांत झालं. कोबेनने आपलं बरंचसं गाणं एका दिवसात, काही तासांत गाऊन टाकलं. याच काळात, २० फेब्रुवारीला, त्याला २६ वर्षं पूर्ण झाली. मिक्सिंग धरूनही सगळं काम दोन आठवड्यांत हातावेगळं झालं. खचलेला, दिशा हरवलेला बँड इतक्या नेटाने आणि इतक्या कमी वेळात काम करू शकत नाही. इथे प्रत्येकजण तयारीनिशी आला होता.

गाण्यांच्या जन्मतारखा पाहिल्या तर यशाविरुद्धच्या सुडाचं वाचनही डळमळतं. अल्बममध्ये बारा गाणी आहेत. ‘डम्ब’ आणि ‘पेनीरॉयल टी’ ही १९९० ची. ‘ऑल अपॉलॉजीज’ची एक आवृत्ती बँडने १९९१ च्या १ जानेवारीलाच सिएटलमध्ये मुद्रित करून पाहिली होती. ‘रेप मी’ १९९१ मध्ये रचलं गेलं आणि त्याच वर्षी रंगमंचावर वाजलं. म्हणजे बारांपैकी निदान चार गाणी ‘नेव्हरमाइंड’ दुकानात येण्याआधीची आहेत. कोबेनला कुणी रस्त्यावर ओळखत नव्हतं, तेव्हा ती लिहिली गेली. प्रसिद्धीच्या त्रासाने ती जन्माला घातली असं म्हणायला जागाच नाही. उलट ‘नेव्हरमाइंड’च्या पॉलिशमध्ये जी गाणी शोभली नसती, ती त्याने जपून ठेवली होती.

‘डम्ब’ आणि ‘ऑल अपॉलॉजीज’मध्ये केरा शेली हिने चेलो वाजवला आहे. अल्बमच्या सगळ्या कर्कश गिटारींमध्ये तो लाकडी, दीर्घ स्वर वेगळा उठून दिसतो. गोंगाट हवा असलेल्या माणसाने चेलो का मागवला असता? कारण त्याला गोंगाट आणि शांतता दोन्ही अस्सल हवे होते. दोन्हींतली कृत्रिम झिलई मात्र नको होती.

उरलेल्या गाण्यांतही निव्वळ आत्मकथा नाही. कोबेन वाचणारा माणूस होता. ‘सेंटलेस अप्रेंटिस’ पॅट्रिक झ्यूसकिंडच्या १९८५ च्या ‘पर्फ्यूम’ या जर्मन कादंबरीतून आलं आहे. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये स्वतःच्या शरीराला गंधच नसलेला, पण जगातला प्रत्येक गंध ओळखणारा एक तरुण अत्तर बनवायला शिकतो, ही त्या कादंबरीची कथा. या गाण्याची मूळ गिटारधून ग्रोलची आहे. कोबेनला ती आधी ठोकळेबाज वाटली होती, तरी त्याने ती स्वीकारली आणि तिच्यावर गाणं उभं केलं. ‘फ्रान्सेस फार्मर विल हॅव हर रिव्हेंज ऑन सिएटल’ या गाण्यामागे सिएटलमध्ये जन्मलेली अभिनेत्री फ्रान्सेस फार्मर आहे. चाळीसच्या दशकात तिला वेड्यांच्या इस्पितळात कोंडलं गेलं. तिच्यावरचं विल्यम अर्नोल्ड यांचं ‘शॅडोलँड’ हे पुस्तक कोबेनने शाळकरी वयात वाचलं होतं. १९९२ मध्ये त्याची मुलगी जन्मली आणि मासिकातल्या मजकुरामुळे त्या तान्ह्या बाळामागे बालकल्याण खात्याची चौकशी लागली, तेव्हा ते जुनं वाचन पुन्हा जागं झालं असणार. आपल्या गावाने एका बाईचं काय केलं, हा प्रश्न त्या गाण्यात आहे. त्यात स्वतःच्या मरणापेक्षा दुसऱ्याच्या छळाबद्दलचा संताप मोठा आहे.

मृत्यूच्या बाजूने वाचणारे एक पुरावा हमखास पुढे करतात: अल्बमसाठी कोबेनने आधी योजलेलं नाव. त्या नावात स्वतःचा द्वेष आणि मरणाची इच्छा उघड उच्चारलेली होती. पत्रकार आपल्याला सतत रडका, चिडका ठरवतात, त्यांच्या त्या प्रतिमेची थट्टा म्हणून ते सुचल्याचं त्याने नंतर सांगितलं. थट्टा कुणाला कळणार नाही आणि कायद्याची कटकटही उद्भवेल, या धास्तीने नोव्होसेलिकने ते नाव बदलायला लावलं. ते वाक्य आज वाचताना काळजात चर्र होतं, हे खरं. पण त्या वेळी ते मागे घेतलं गेलं, आणि त्याच्या जागी आलेलं नाव त्याची पत्नी कोर्टनी लव्ह हिच्या एका कवितेतून घेतलेलं होतं. ‘इन युटेरो’ म्हणजे गर्भाशयात. मुखपृष्ठावर पंख लावलेली पारदर्शक स्त्रीदेहाची शरीरशास्त्रीय प्रतिकृती आहे आणि मागच्या बाजूला कोबेनने फुलं, शरीराचे भाग आणि गर्भाच्या लहान प्रतिकृती जुळवून केलेली रचना. ती त्याने जमिनीवर मांडली आणि चार्ल्स पीटरसनने तिचं छायाचित्र घेतलं. जन्म, शरीर, आजार, बाप होणं, या गोष्टींनी हा अल्बम भरलेला आहे.

अल्बम तयार झाल्यावर भांडण सुरू झालं. अल्बम काढणाऱ्या डीजीसी कंपनीतल्या लोकांना आणि व्यवस्थापकांना तो रुचला नाही. १९९३ च्या वसंतात वृत्तपत्रांतून बातम्या आल्या की कंपनी तो बाजारात आणायला तयार नाही. बँडने त्याचा जाहीर इन्कार केला. पण खुद्द कोबेनलाही शंका होत्या. बेस आणि शब्द नीट ऐकू येत नाहीत, असं त्याचं मत झालं होतं. अल्बिनीने पुन्हा मिक्सिंग करायला नकार दिला. मास्टरिंगमध्ये बॉब लडविगने बरंच सावरलं. तरीही ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ आणि ‘ऑल अपॉलॉजीज’ ही दोन गाणी स्कॉट लिटकडे गेली. लिट आर. ई. एम. या बँडचा दीर्घकाळचा सहकारी निर्माता. त्याने सिएटलमध्ये या दोन गाण्यांचं मिक्सिंग नव्याने केलं.

या प्रसंगात कोण बरोबर होतं, यावर अजून वाद होतो. मला यात दोन खऱ्या आवडींची ओढाताण दिसते. कोबेनला अल्बिनीची खोली हवी होती आणि त्याच वेळी आपले शब्द लोकांपर्यंत पोचायलाही हवे होते. तो जितका बिग ब्लॅकच्या परंपरेतला होता, तितकाच बीटल्सच्याही. अल्बमची दहा गाणी एका घराण्याची आणि दोन दुसऱ्या घराण्याची, ही तडजोड त्याच्या स्वभावातूनच निघाली.

२१ सप्टेंबर १९९३ ला अमेरिकेत सीडी आणि कॅसेट आल्या. पहिल्या आठवड्यात १,८०,००० प्रती खपल्या आणि अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर लागला. लोक घाबरून दूर जातील, ही कंपनीची भीती खोटी ठरली. वॉलमार्ट आणि केमार्ट या साखळी दुकानांनी तो ठेवायला नकार दिला, तेव्हा मार्च १९९४ मध्ये मागचं चित्र बदललेली आणि ‘रेप मी’ऐवजी ‘वेफ मी’ असं छापलेली आवृत्ती काढली गेली. यावर टीका झाली. पण ज्या लहान गावांत गाणी विकणारं दुसरं दुकानच नाही, तिथल्या मुलांना अल्बम मिळावा म्हणून बँड त्याला राजी झाला. कोबेन स्वतः ॲबर्डीनसारख्या लाकूडतोडीच्या आडगावात वाढला होता, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

पुढच्या महिन्यांतल्या घडामोडी माझ्या म्हणण्याला सर्वात जास्त बळ देतात. १८ नोव्हेंबर १९९३ ला न्यूयॉर्कमध्ये एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’साठी बँड बसला, तेव्हा ‘इन युटेरो’तली तीनच गाणी निवडली: ‘पेनीरॉयल टी’, ‘डम्ब’ आणि ‘ऑल अपॉलॉजीज’. तिन्ही ‘नेव्हरमाइंड’आधीची. सोबत लोरी गोल्डस्टनचा चेलो होता आणि शेवटी लोकगायक लेड बेलीमुळे कोबेनला भावलेलं एक जुनं लोकगीत. त्याच सुमाराच्या मुलाखतींत तो सांगत होता की हळू कडवं आणि फुटणारं ध्रुवपद हे सूत्र आता वापरून संपलं आहे. आर. ई. एम.ने ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’मध्ये साधलेला संयम त्याला खुणावत होता, आणि त्या बँडचा गायक मायकल स्टाइप याच्याबरोबर काही करायचं बोलणंही झालं होतं. जानेवारी १९९४ च्या अखेरीस सिएटलजवळच्या रॉबर्ट लँग स्टुडिओत बँड पुन्हा जमला आणि ‘यू नो यू आर राइट’ मुद्रित झालं. ते २००२ मध्ये लोकांसमोर आलं. १ मार्च १९९४ ला म्युनिकमध्ये त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला.

नैराश्य, हेरॉइनचं व्यसन, वर्षानुवर्षं न हटणारी पोटदुखी, हे सगळं त्या माणसाच्या आयुष्यात होतं आणि त्यानेच तो गेला. ते नाकारायचं कारण नाही. पण आजारपण म्हणजे कलाकृती नव्हे. मृत्यूला अल्बमचा कर्ता ठरवलं की खरे कर्ते दिसेनासे होतात: तीस मायक्रोफोन लावणारा अल्बिनी, स्वयंपाकघरात ड्रम बडवणारा ग्रोल, नाव बदलायला लावणारा नोव्होसेलिक, चेलो वाजवणारी केरा शेली, आणि दोन-तीन वर्षं चार गाणी योग्य आवाजाची वाट पाहत सांभाळून ठेवणारा कोबेन.

वंशावळ पुढेही चालू राहिली. अल्बिनीने १९९७ मध्ये शिकागोत इलेक्ट्रिकल ऑडिओ हा स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि मे २०२४ मध्ये, ६१ व्या वर्षी जाईपर्यंत, नामवंतांइतकंच मन लावून अनोळखी बँडचंही मुद्रण ठरावीक दरात केलं. २०१३ मध्ये अल्बमला वीस वर्षं झाली तेव्हा लिटकडे गेलेल्या दोन गाण्यांचं अल्बिनीने केलेलं मूळ मिक्सिंग लोकांना ऐकायला मिळालं, शिवाय बँडच्या उरलेल्या दोघांबरोबर त्याने संपूर्ण अल्बमचं मिक्सिंग नव्याने करून दिलं. एकदा मूळ अल्बम आणि लगेच ही आवृत्ती अशी पाठोपाठ ऐकावी. वीस वर्षांपूर्वीच्या त्याच टेपमधून वेगळे बारकावे वर येतात, कारण त्या खोलीत जे घडलं ते इतकं भरगच्च टिपलेलं होतं की त्यातून पुन्हा पुन्हा नवं काढता येतं. शेवटचा हा शिक्का या अल्बमला एप्रिल १९९४ मुळे लागला. करताना मात्र तो तिसरा अल्बम होता आणि चौथा कसा असेल याचा विचार त्याच्या कर्त्याच्या डोक्यात सुरू झाला होता. त्याला तसंच, चालू कामाच्या मधला टप्पा म्हणून ऐकणं, हाच त्याला खरा न्याय आहे.